मानमोडीच्या मृतांचा हिशेब व संस्थानी दहा लक्ष

सन १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीचा, म्हणजे आपल्याकडील जुनीं माणसें जिला मानमोडी म्हणत तिचा, अभ्यास करूं इच्छिणारास हिंदुस्थान सरकारचे त्या वेळचे सॅनिटरी कमिशनर मेजर नॉर्मन व्हाइट यांच्या प्राथमिक अहवालापासून आरंभ करावा लागतो. हा अहवाल १९१९ सालीं प्रसिद्ध झाला. साथ पुरती ओसरण्यापूर्वींच तो लिहिला गेला असल्यानें त्यांत घाई आहे, आणि ती त्याच्या नांवांतील ‘प्राथमिक’ या शब्दानें कबूलहि केलेली आहे. हिंदुस्थानांत साठ लक्ष माणसें मेलीं हा आंकडा या अहवालानें रूढ केला. त्या साठ लक्षांची फोड मात्र क्वचितच कोणी पाहतो. त्यांपैकीं सुमारें पन्नास लक्ष मृत ब्रिटिश प्रांतांतले असून ते नोंदपुस्तकांवरून काढलेले आहेत. उरलेले दहा लक्ष देशी संस्थानांच्या नांवें मांडलेले आहेत व तो निव्वळ अंदाज आहे. प्रस्तुत लेखांत आम्हांस या दहा लक्षांचें परीक्षण करावयाचें आहे.

हा विषय आपल्या कक्षेबाहेरचा आहे असें आमच्या कांहीं वाचकांस वाटण्याचा संभव आहे. सनदा, महजर, तहनामे, कैफियती हें आपलें क्षेत्र. मृत्यूचे तक्ते हें डॉक्टरांचें व खानेसुमारीवाल्यांचें. परंतु आंकडा हाहि एक कागदच आहे. त्याला लिहिणारा असतो, लिहविणारा असतो, मूळ प्रत असते, नकला असतात, आणि नकला करतांना पडलेले दोषहि असतात. बखरींतील सैन्याच्या संख्येवर आपण जो अविश्वास दाखवितों तो सरकारी छापखान्यांतून बाहेर पडलेल्या संख्येच्या बाबतींत का गळून पडावा, हें आम्हांस समजत नाहीं.

परीक्षणासाठीं आम्ही आरोंदा हें ठिकाण धरिलें आहे. तेरेखोलची नदी मनोहरगडाच्या बाजूस उगम पावून बांद्यावरून खालीं येते व समुद्रास मिळण्यापूर्वीं तिची रुंद खाडी होते. त्या खाडीच्या उत्तर तीरावर आरोंदा आणि समोर पेडणें महालांतील किरणपाणी. पेडणें हें १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांचें होतें. त्या सालीं तें पोर्तुगीजांकडे गेलें. म्हणजे १९१८ सालीं आरोंदा सावंतवाडी संस्थानांत, किरणपाणी पोर्तुगीज गोव्यांत, आणि कांहीं कोसांवरील रेडी इंग्रजी अंमलाच्या रत्नागिरी जिल्ह्यांत अशी स्थिति होती. बोली एक, दैवतें एक, सोयरिकी एकमेकांत. माणूस मेलें म्हणजे मात्र त्याचा हिशेब तीन निरनिराळ्या दरबारीं. रोग होडींत बसून पलीकडे जाई. नोंद जात नसे.

प्रथम ब्रिटिश हद्दींतील नोंद कशी तयार होत असे तें पाहूं, कारण पन्नास लक्षांचा खरेपणाहि तिच्यावरच अवलंबून आहे. इलाख्यांतील खेड्यांत जन्ममृत्यूचें पुस्तक गांवकामगाराकडे असे. मृत्यूचीं कारणें ठराविक सदरांत घालावयाचीं असत: पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, अपघात, आणि इतर. प्लेग आल्यावर त्याचें एक सदर वाढलें. इन्फ्लुएंझास खेड्याच्या पुस्तकांत अशी स्वतंत्र जागा नव्हती, म्हणून मानमोडीचे बहुतेक मृत ‘ताप’ या सदरांत जाऊन पडले. तें सदर एरवींहि सर्वांत जाड असे. हिंवतापापासून प्रसूतिज्वरापर्यंत काय वाटेल तें त्यांत जाई. तेव्हां त्या शरदॠतूंतले मृत्यू घेऊन त्यांतून मागील वर्षांचे साधारण मृत्यू वजा करणें हाच मार्ग उरतो, आणि व्हाइट यांनीं मुख्यतः तोच पत्करिला. पद्धत सदोष नाहीं. परंतु वजाबाकीचा वरचा आंकडाच कमी असेल तर बाकीहि कमी येणार. नोंद करणारा गांवकामगार स्वतः अंथरुणास खिळला किंवा मेला अशा गांवीं त्या महिन्यांचें पुस्तक रिकामें दिसतें. साथ जितकी जबर तितकी नोंद पातळ, असा हा उलटा न्याय आहे. आणि ज्यास मोठ्या साथीचे कागद वाचावयाचे आहेत त्यानें तो सदैव जवळ बाळगावा.

आतां संस्थानांकडे वळूं. १९११ च्या खानेसुमारीप्रमाणें ब्रिटिश प्रांतांची वस्ती चोवीस कोटींवर व संस्थानांची सात कोटींवर होती. पन्नास लक्षांस चोवीस कोटींनीं भागिलें तर हजारीं सुमारें वीस मृत येतात. दहा लक्षांस सात कोटींनीं भागिलें तर हजारीं चौदा. म्हणजे हद्दीची शीव ओलांडतांच रोगाचा जोर जवळजवळ एक तृतीयांशानें उतरला असें हा अंदाज आपणांस मानावयास लावतो. असें मानण्यास आधार कोणता? साथीचा तडाखा पश्चिम व मध्य हिंदुस्थानास अतिशय जबर बसला आणि बंगालास त्या मानानें हलका, ही गोष्ट सर्वमान्य आहे. आणि संस्थानांचा मोठा भाग, म्हणजे राजपुताना, मध्य हिंदुस्थान, काठेवाड, दक्षिण महाराष्ट्र, याच पश्चिमेच्या व मध्याच्या पट्ट्यांत पसरलेला होता. तेव्हां संस्थानांचें प्रमाण ब्रिटिश प्रांतांहून कमी नव्हे, तर अधिक धरावयास हवें होतें. आमच्या मतें हे दहा लक्ष म्हणजे रोगाचें मोजमाप नसून कारकुनी पोंचेचें मोजमाप आहे. जेथून तक्ते नियमानें येत नाहींत तेथें माणसेंहि कमी मेलीं, असा त्याचा अर्थ होतो.

हा फरक केवळ शाब्दिक नाहीं. सावंतवाडी संस्थानाची वस्ती १९०१ सालीं २,१७,७३२ होती. हजारीं चौदा या संस्थानी दरानें तेथील मृत तीन हजार होतात. मुंबई इलाख्याच्या ब्रिटिश जिल्ह्यांत, सुमारें एक कोटि शहाण्णव लक्ष वस्तींत, पुढील अभ्यासकांनीं दहा लक्षांवर मृत धरिले आहेत; तो दर हजारीं पन्नासांच्या पुढें जातो व त्या दरानें सावंतवाडीचे मृत दहा हजारांवर जातात. दुष्काळानें पोळलेल्या देशावरील जिल्ह्यांचा दर कोंकणास जसाच्या तसा लावणें बरोबर नव्हे, हें आम्ही जाणतों. १९१८ चा पाऊस फसल्यामुळें देशावर धान्य महागलें होतें व उपाशी शरीरें रोगास लवकर बळी पडलीं. तथापि तीन हजार आणि दहा हजार यांच्यामध्यें सात हजार माणसें उभीं आहेत, आणि आरोंद्याचीं किती तीं त्यांतच आहेत.

येथें संस्थानाची व्यवस्था निराळी, तेथें इंग्रजांचा उपाय काय, असा बचाव कोणी करील. परंतु सावंतवाडीच्या बाबतींत तो टिकत नाहीं. १८३८ पासून या संस्थानाचा कारभार इंग्रज सरकारच्या व्यवस्थेखालीं होता. बापूसाहेब महाराजांस पुरे अधिकार मिळाले ते १९२४ सालीं. १९१८ सालीं तेथें पोलिटिकल अधिकाऱ्याच्या देखरेखीखालींच दप्तर चाले. अर्थात् हें दप्तर परक्याचें नव्हतें. तें फक्त निराळ्या कपाटांत होतें, आणि बेरीज करणारानें तें कपाट उघडण्याऐवजीं अंदाज लिहिला.

पुढच्या संशोधकांनीं साठ लक्षांचा आंकडा टिकूं दिला नाहीं. १९२१ च्या खानेसुमारीच्या अहवालांतच तो एक कोटि वीस ते तीस लक्षांपर्यंत चढविलेला आहे. किंग्स्ली डेव्हिस यांनीं १९५१ सालीं हिंदुस्थान व पाकिस्तान यांच्या लोकसंख्येवरील ग्रंथांत दोन खानेसुमाऱ्यांमधील तुटीवरून एक कोटि पंचाऐशीं लक्ष असा निष्कर्ष काढिला. आय. डी. मिल्स यांनीं १९८६ सालीं नोंदींचा पुन्हां कसून अभ्यास करून जवळपास त्याच पायरीवर, म्हणजे एक कोटि सत्तर ते ऐशीं लक्षांवर, येऊन थांबणें पसंत केलें. तिशीच्या आगेंमागें असलेल्या जवान माणसांवर, आणि त्यांतहि बायकांवर, घाला अधिक पडला हें त्यांनीं चांगलें दाखविलें आहे. २०१२ मध्यें चंद्र प्रभृति तिघांनीं ही संख्या एक कोटि एकोणचाळीस लक्षांच्या आसपास आणिली, पण ती ब्रिटिश प्रांतांपुरती. या सर्वांच्या परिश्रमांबद्दल आम्हांस आदर आहे. तरी एक उणीव स्पष्ट सांगितली पाहिजे: साठ लक्षांतला मोठा भाग कसून तपासला गेला, लहान भागाकडे मात्र तितकें लक्ष गेलें नाहीं.

डेव्हिस यांची तुटीची रीत कोंकणास लावूं गेल्यास कशी फसते तेंहि सांगण्यासारखें आहे. सबंध देशाच्या बाबतींत ती चालते, कारण देशाबाहेर जाणारांची संख्या एकंदर वस्तीच्या मानानें थोडी. सावंतवाडी व रत्नागिरी हीं तर चाकरमान्यांचीं घरें. खानेसुमारीच्या रात्रीं जो तरुण घरीं सांपडला नाहीं तो मानमोडीनें गेला, कीं परळच्या चाळींत निजला आहे, कीं लढाईवरून परतलाच नाहीं, हें तुटीच्या आंकड्यास कळत नाहीं. येथें माणूस नाहींसें होण्याचे मार्ग पुष्कळ होते. मरण त्यांतला एक.

याउलट मुंबई शहराची नोंद पाहावी. तेथें साथ ता. १० जून १९१८ च्या सुमारास गोदीवरील पोलीस शिपायांत प्रथम दिसली. ता. ३ जुलै रोजीं एका दिवसांत २३० मृत्यू हा पहिल्या लाटेचा कळस. नंतर ओहोटी लागली आणि पुष्कळांनीं साथ संपली असें मानिलें. सप्टेंबरांत ती उलटून आली ती निराळ्याच रूपानें, आणि ता. ६ ऑक्टोबरला एकाच दिवशीं ७६८ मृत्यू नोंदले गेले. शहराचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांच्या खात्यानें दिवसवार व जातवार आंकडे ठेविले, म्हणून आज आपणांस हें सांगतां येतें कीं नोंदींत ज्यांस खालच्या जातींचे हिंदु म्हटलें आहे त्यांत हजारीं ६१.६ मेले आणि युरोपियनांत हजारीं ८.३. या दोन आंकड्यांच्या मधलें अंतर हवा-उजेडाचें, दाटीचें आणि दुखणाइतास पाणी देणारें कोणी घरांत उभें होतें कीं नाहीं याचें आहे. आरोंद्याकडील जे लोक मुंबईस गिरणींत वा गोदींत कामास असतांना मेले ते या तक्त्यांत मोजले गेले. पण आरोंद्याचे म्हणून नव्हे. एकाच घरांतील मुंबईस मेलेला मुलगा दिवसाच्या आंकड्यांत सांपडतो आणि गांवीं मेलेली त्याची आई हजारीं चौदाच्या अंदाजांत नाहींशी होते.

मुंबईची ही टापटीप एका दिवसांत आली नव्हती. ती प्लेगनें शिकविलेली होती. मांडवीमध्यें १८९६ च्या सप्टेंबरांत ग्रंथिक सन्निपात प्रथम ओळखणारे डॉ. अकासियु व्हिएगस हे बारदेशांतील हडफडें गांवचे, म्हणजे तेरेखोलच्या पलीकडच्याच मुलखाचे. त्या साथीवर मात्र सरकारी ग्रंथांचा ढीग आहे; क्याप्टन काँडन यांचा १९०० सालचा मुंबई इलाख्यांतील प्लेगचा इतिहास त्यांत प्रमुख. सरकार एवढें जागें झालें याचें एक कारण युरोपांतील बंदरें आपला माल व जहाजें अडवितील ही धास्ती होती. ता. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा, घरझडत्या, आगबोटींच्या व आगगाड्यांच्या उतारूंची तपासणी, हें सर्व त्या धास्तीच्या पोटीं आलें. पण झडतीच्या भयानें लोक रोगी लपवूं लागले, त्यामुळें प्लेगचे ग्रंथ जाड असले तरी त्यांतले आंकडेहि निर्मळ नाहींत. एका साथींत सरकारच्या अति लक्षानें नोंद बिघडली, दुसरींत अलक्षानें. काँडन यांचा ग्रंथ वाचतांना हें ध्यानांत ठेवावें. तो कारभाराचा इतिहास म्हणून उत्तम आहे, रोगाचा म्हणून मध्यम.

खाडीच्या दक्षिण तीरावरील नोंदीची घडण निराळी आहे. पोर्तुगीज प्रजासत्ताकाच्या नागरी नोंदणींत एकेका मृताचा स्वतंत्र लेख होतो: नांव, वय, आईबाप, ठिकाण. ख्रिस्ती कुटुंबांच्या बाबतींत चर्चच्या दफनाच्या वह्या त्याहून जुन्या. इंग्रजी पद्धतींत गांवाचें पुस्तक तालुक्याच्या तक्त्यांत विरतें, तालुका जिल्ह्यांत, जिल्हा इलाख्यांत. वर पोंचते ती फक्त संख्या. पोर्तुगीज पद्धतींत संख्या काढण्यास श्रम पडतात, पण नांव मरत नाहीं. ज्यांस आरोंद्याकडील १९१८ चा शरद समजून घ्यावयाचा आहे त्यांनीं पेडण्याचे लेख वाचणें म्हणूनच अवश्य आहे. एका तीरावरील मृत्यूंचे दिवस ठरले कीं दुसऱ्या तीरावर साथ केव्हां होती याचा तर्क बळकट होतो.

हा सर्व प्रकार जुन्या राज्यव्यवस्थेबरोबर गेला असें समजण्याचें कारण नाहीं. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, १९६१ सालीं गोवा मुक्त झाला, १९८१ सालीं सिंधुदुर्ग जिल्हा झाला. तरी २०२० व २०२१ च्या कोविडच्या साथींत तीच गांठ पुन्हां पडली. कायदा तोच १८९७ चा लावला गेला. आणि १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणीच्या कायद्याप्रमाणें मृत्यूची नोंद माणूस जेथें मरतें तेथें होते, जेथें राहतें तेथें नव्हे. सावंतवाडी तालुक्यांतील अवघड दुखणें पिढ्यान् पिढ्या गोव्याकडे, बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयाकडे जातें. तेथें दगावलेल्याची नोंद गोव्यांत होते. मुंबईंत दगावलेल्याची मुंबईंत. गांवच्या पुस्तकावरून गांवाची साथ मोजूं पाहणारास दोन्ही वजा.

एकंदर देशाच्या आंकड्यांतहि १९१९ ची छाया दिसते. २०२१ अखेर कोविडचे अधिकृत मृत सुमारें चार लक्ष एक्याऐशीं हजार होते. जागतिक आरोग्य संघटनेनें मे २०२२ मध्यें त्या दोन वर्षांसाठीं सत्तेचाळीस लक्ष जादा मृत्यूंचा अंदाज दिला व भारत सरकारनें त्या रीतीवर हरकत घेतली. पुढें सरकारच्याच नागरी नोंदणीचा २०२१ चा अहवाल मे २०२५ मध्यें बाहेर आला. त्यांत त्या वर्षीं नोंदलेले मृत्यू एक कोटि दोन लक्षांवर आहेत. २०२० सालीं ते एक्याऐशीं लक्षांवर होते. म्हणजे एका वर्षांत एकवीस लक्षांची वाढ. ही सारी वाढ कोविडची असें म्हणणें चुकीचें होईल, कारण नोंदणीचें प्रमाणहि वर्षानुवर्षें सुधारत आहे व मागें पडलेल्या नोंदीहि त्यांत येतात. पण नोंदलेल्या मृत्यूंपैकीं वैद्यानें कारण प्रमाणित केलेले चतुर्थांशाहूनहि कमी असतां, रोगाचें नांव घेऊन मोजलेली संख्या हीच खरी मानावी असा आग्रह धरणें म्हणजे ‘ताप’ सदरास विसरून जाणें होय. वजाबाकीची जुनी रीतच येथेंहि अधिक विश्वसनीय ठरते. तिला वरचा आंकडा पुरा मिळाला पाहिजे, एवढेंच.

आतां संग्राहकांच्या कामाचें कांहीं. कोंकणांतील घरांतून दप्तरें बाहेर निघतात तेव्हां मोडी सनद उचलली जाते आणि विसाव्या शतकांतील वह्या वाळवीस राहतात, हा अनुभव आपणां सर्वांस आहे. १९१८ पुरतें तरी हें उलटें व्हावयास हवें. श्राद्धतिथींचीं टांचणें पुष्कळ घरीं आहेत. त्या वर्षींचा पितृपक्ष सप्टेंबरच्या उत्तरार्धांत लागला आणि मुंबईंतील मृत्यूंचा कळस सर्वपित्री अमावास्येच्या अगदीं लगत, आश्विन शुद्धाच्या आरंभीं आला. तेव्हां एकाच घराच्या टांचणांत भाद्रपद वद्य ते आश्विन अखेर अशा दोनतीन तिथी एकत्र दिसल्या तर शके १८४० चा संशय घ्यावा. तिथी साल सांगत नाहीं. साल ठरविण्यास वंशावळ किंवा जमीनजुमल्याची वारसनोंद जोडून पाहावी लागते. या साधनाचा आणखी एक दोष आहे. सौभाग्यवती मेलेल्या स्त्रीचें महालयांतील श्राद्ध मृत्यूची तिथी कोणतीहि असली तरी अविधवा नवमीस होतें, त्यामुळें महालयाच्या टांचणांत तिच्या मृत्यूचा दिवस उरत नाहीं. ज्या साथीनें तरुण बायका अधिक नेल्या तिच्याच बाबतींत आपलें हें घरगुती साधन बायकांसाठीं मुकें आहे. त्यांच्यासाठीं उपाध्यायाची वही, माहेरचें पत्र, किंवा पुढील दोनतीन वर्षांत घरांत झालेलें दुसरें लग्न, असा आडवाटेनें शोध घ्यावा.

टांचणें ठेवणारीं घरें गांवांत थोडीं. कुळांच्या, गाबितांच्या, महारांच्या घरीं असा कागद नसतो. त्यांच्यासाठीं सावकाराची खातेवही आहे. देणेकरी मेला म्हणजे खातें मुलाच्या किंवा भावाच्या नांवें चढतें, आणि सावकार ती तारीख चुकवीत नाहीं. देवस्थानच्या जमाखर्चांत त्या आश्विनांत नवरात्राचा खर्च किती घटला, मानकऱ्यांपैकीं कोणाच्या जागीं कोण आला, हेंहि पाहण्यासारखें असतें.

साथ मुंबईहून कोणत्या वाटेनें आली याचा निर्णय चाकरमान्यांच्या पत्रांवरून होऊं शकेल. त्या वर्षीं गणेशचतुर्थी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत होती आणि पावसाळ्यांत बंद असलेला आगबोटींचा मार्ग सुमारें त्याच वेळीं मोकळा होत असे. चतुर्थीस आलेल्यांनीं रोग आणिला कीं चतुर्थीनंतर शहर सोडून पळालेल्यांनीं, या दोहोंत थोड्याच आठवड्यांचें अंतर आहे. अशीं पत्रें मिळाल्यास मजकुराची नक्कल करून समाधान मानूं नये. मजकूर फाटला असला तरी पाकीट किंवा कार्डाचा पत्त्याचा भाग जपून ठेवावा; पत्र मुंबईहून केव्हां निघालें व गांवच्या टपालांत केव्हां पोंचलें हें त्यावरील दोन शिक्क्यांवरूनच कळतें.